मठार

रात्री अडीचला हात जागा होतो,
त्याच्या मागून मी.
अंगठा, शेजारचं बोट, मधलं,
आणि अनामिकेची अर्धीच बाजू.
मुंग्या इतक्या नेमक्या कशा चालतात
याचंच मला नवल.
करंगळी मात्र खुशाल झोपलेली,
जणू ती या घरातली नाहीच.
मी हात पलंगाखाली सोडतो, झटकतो,
थर्मामीटर झटकावा तसा.
इंदुमती कूस न वळता म्हणते, "परत?"

दिवसा सांडशी सुटते.
चहाचा कप सुटला, तो फुटला.
शर्टाचं वरचं बटण
नातवाकडून लावून घेतलं,
त्याला म्हटलं, तुझी परीक्षा घेतोय.

तांबट लेनमध्ये औषधं फुकट मिळतात.
कुणी बिब्बा सांगितला, कुणी निर्गुडीचा शेक,
आणि कळशी न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक
अगदी मनापासून म्हणालं,
"काका, तांब्याचं कडं घालून बघा."
एकेचाळीस वर्षं, म्हटलं,
तांबंच धरून बसलोय, बाबा.
अजून किती घालू?

शरणपूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
आहेर डॉक्टरीणबाई. पोरगीच म्हणायची.
हात टेबलावर उताणा ठेवायला लावला,
खणातून काढली इवलीशी हातोडी, रबराची,
आणि मनगटावर मारली, टक, टक.
मला हसूच आलं.
जन्मात पहिल्यांदा
मी खरवईवर होतो.
तिसऱ्या ठोक्याला
वीज मधल्या बोटाच्या टोकाला जाऊन बसली.
"इथंच," त्या म्हणाल्या,
आवाजावरून भांड्यातली चीर ओळखावी तसं.
बाई मला तेव्हाच पटली.

मग कागदावर काढून दाखवलं:
मनगटात एक बोगदा, कसारा घाटात असतो तसा,
खाली हाडं, वर पट्टा,
आतून बोटांकडे निघालेल्या नऊ दोऱ्या
आणि त्यांच्यात चेंगरलेली एकच नस.
दोऱ्या सुजल्या की जागा तिचीच जाते.
"दिवसाला ठोके किती मारता?"
मोजले नव्हते कधी.
एका घंगाळाला साडेतीन-चार हजार,
हंडा मोठा असला तर...
त्यांनी पेन खाली ठेवलं.

परतताना रविवार कारंज्यापाशी उभाच राहिलो.
तांबं ठोकून ठोकून ताठतं,
तरी मारत राहिलं तर चिरतं,
म्हणून मधेच भट्टीत घालायचं, लाल होऊ द्यायचं,
मग पाण्यात सोडायचं, की पुन्हा मऊ.
हे वडलांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं.
हाताचं नाही सांगितलं.
त्यांच्या उजव्या अंगठ्याखालचा उंचवटा
शेवटी शेवटी सपाट झाला होता, पराती एवढा.
आम्हाला वाटलं, वय.

आता रात्री पट्टी बांधतो, मनगट सरळ.
आत एक सळई आहे, ॲल्युमिनियमची!
ज्यानं आमचा अख्खा बाजार खाल्ला
त्यालाच हाताशी धरून झोपतो.
इंदुमतीला हे सांगितलं तर
ती अंधारात बराच वेळ हसत होती.
हातोडीच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळली,
मूठ जाड झाली, आवळावी लागत नाही.
अर्ध्या तासानं थांबायचं, बोटं उघडायची,
शेजारी विचारतो, कुणाला टाटा करताय?
सहा आठवड्यांत नाही उतरलं तर सुई,
त्यानंही नाही तर पट्टा कापून बोगदा मोकळा.
"भ्या, हरकत नाही," बाई म्हणाल्या, "पण लपवू नका.
अंगठ्याखालचं मांस बसलं की मग मला फार काही करता येत नाही."

एक घंगाळ मी विकलेलं नाही.
गळ्याखालच्या एका पट्ट्यात
ठोके विरळ आहेत, एकमेकांना न विचारता पडलेले.
गिऱ्हाइकाला नाही दिसत.
मला त्यावरून महिना सांगता येतो.
सकाळी दुकान उघडलं की
आधी मधलं बोट त्यावरून फिरवतो, डोळे मिटून.
काल तीन खळगे लागले होते.
आज चार,
चौथ्याची खात्री नाही.